वीस फॉर्म आणि एक रकाना

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही हो. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये अकरावीच्या विषय निवडीच्या टेबलावर आठ दिवस बसा, ते आपोआप अंगावर येतात! मी बावीस वर्षं बसतेय. दरवर्षी वाटतं, आता आपण कशानेच हादरणार नाही. आणि दरवर्षी तोंडाचा आ होतो तो होतोच.

मी भूगोलाची टीचर. मालवणजवळच्या आमच्या शाळेत अकरावी-बारावी आहे, आणि प्रवेश ऑनलाइन झाले तरी विषयांचा फॉर्म अजून कागदाचाच. यंदा टेबल मांडायच्या आदल्या दिवशी प्रिन्सिपॉल सिस्टर लिदियांनी मला आत बोलावलं. सिस्टर मंगळूरकडच्या. मराठी पुस्तकातून शिकल्या, त्यामुळे आमच्या अख्ख्या तालुक्यात शुद्ध मराठी फक्त त्याच बोलतात.

"टीचर, यंदा भूगोलाचे वीस फॉर्म आले पाहिजेत. एकोणीस आले तरी विषय बंद."

"आणि मी?"

"पाचवीला हस्तकला रिकामी आहे."

हस्तकला! बावीस वर्षं मान्सून आणि खंड शिकवून आता मी आइस्क्रीमच्या काड्यांची घरं चिकटवायची? मी गार पडले. रात्रभर डोळ्यासमोर फेव्हिकॉल.

वर सिस्टरनी यंदा फॉर्मात नवा रकाना घातला होता, 'हा विषय का निवडला?' मुलं एकमेकांचं बघून लिहितात, म्हणून हा उपाय. आता मुलं विचार करतील, असं त्यांचं म्हणणं.

*

पहिल्याच दिवशी चार मुलगे एकदम आले. चौघांचाही भूगोल! मी मनातल्या मनात उडीच मारली. मग रकाना वाचला.

पहिल्याने लिहिलं होतं, 'माझे वडील मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल आहेत, म्हणून मला समुद्राची आवड आहे.' वा! दुसऱ्याचं वाचलं. त्याचेही वडील तांडेल, म्हणजे ट्रॉलरचे कप्तान. तिसऱ्याचेही. चौथ्याचेही! चौघांच्याही वाक्यात एकाच जागी खाडाखोड.

चौथा मुलगा आमच्या पोस्टमास्तरांचा. माणूस होडीत बसला तरी त्याला उलटी होते, हे सगळ्या गावाला माहीत. आणि फॉर्मखाली त्यांची स्वतःची ठसठशीत सही!

संध्याकाळी पोस्टात जाऊन मी त्यांना फॉर्म दाखवला. "अहो, तुम्ही तांडेल कधी झालात?"

त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "टीचर, मी दिवसाक शंभर कागदांर सही करतंय. सगळे वाचूक बसलंय तर पोस्ट बंद पडतला!"

चार फॉर्म हातात होते. ते पिशवीत घालून घरी आले.

*

दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली. हुशार, टापटीप, अक्षर मोत्यासारखं. विषय भूगोल. कारण, 'सगळ्यात पातळ पुस्तक.'

एवढंच! मला असा राग आला म्हणून सांगू! पण राग आवरून फॉर्म घेतला. प्रामाणिक तरी आहे, म्हटलं.

दुपारी ती परत हजर. "टीचर, माझो फॉर्म परत देशात?"

"का गो?"

"बाजारात पुस्तकां बघून इलंय. त्याच्यापेक्षा पातळ एक गावला."

दिला परत. मग भूगोलाचं पुस्तक उघडून शेवटच्या पानाचा नंबर बघितला.

*

तिसऱ्या दिवशी तोंडवलीहून एक कुटुंब आलं. आई, आजी आणि मध्ये मान खाली घातलेला मुलगा. फॉर्म कोरा. मी विचारलं, "विषय ठरले नाहीत?"

आजी म्हणाली, "आज देवाक कौल लावतलो. उद्या सांगतंव."

आमच्याकडे हे चालतंच. देवाच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवतात, गुरव प्रश्न विचारतो, आणि कुठल्या बाजूची पाकळी पडते त्यावरून उत्तर. लग्न, जमीन, विहीर, सगळं विचारतात. पण अकरावीचे विषय? मी पहिल्यांदाच ऐकलं!

दुसऱ्या दिवशी तिघं पुन्हा आली. तेव्हा नेमक्या सिस्टर माझ्या टेबलाजवळ उभ्या होत्या.

"उजवी पाकळी पडली तर सायन्स, डावी पडली तर कॉमर्स, असा विचारलेला," आई म्हणाली.

"मग?"

"दीड तास बसलंव. एकव पडाक नाय."

"म्हणान आर्ट्स लिवा," आजीने निकाल दिला. "भूगोल घाला."

सिस्टरांचे डोळे एवढे मोठे झाले. "आजी, देव गप्प राहिला म्हणून तुम्ही आर्ट्स देता?"

आजी भडकली. "गप नाय रवलो! इचार करतासा तो. तंवसर भूगोल घालून ठेवा!"

मला वाटलं, आता सिस्टर या तिघांना व्याख्यान देणार. सिस्टरनी क्रूसाला हात लावला, आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. आमच्या नोव्हेनाच्या प्रार्थनेलाही नऊ दिवस लागतात."

मुलाला कोणीच काही विचारलं नाही. मग मीच बाजूला घेऊन विचारलं, तुला काय हवं रे? तो म्हणाला, "भूगोलच व्हयो होतो. पण आजयेक सांगतलो कोण?"

त्या दिवशी मी आलेल्या प्रत्येक पालकाला ठणकावून सांगितलं, मुलांना विचारा! त्यांच्यावर लादू नका! घसा बसला माझा. फॉर्म झाले नऊ.

*

रविवारचा किस्सा ऐका. तेव्हा मी तेरावर होते आणि जरा हवेत होते.

चर्चमध्ये कुणाचं लग्न ठरलं की तीन रविवार मिस्साच्या प्रार्थनेत नावं वाचून दाखवतात. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, कुणाची हरकत असल्यास कळवावं. सिस्टरनी फादरना आमच्या अकरावीच्या मुलांची यादी दिली होती, नाव आणि विषय. हेतू चांगला. चर्चने मुलांसाठी प्रार्थना करावी.

फादर वयस्क. लग्नाची नावं वाचून झाली, पान उलटलं, खाली सिस्टरांची यादी. त्यांनी त्याच सुरात पुढे वाचलं. अमुक फर्नांडिस, कॉमर्स. तमुक डिसोजा, भूगोल. आणि शेवटी सवयीने, "कुणाची हरकत असल्यास कळवावं."

झालं! तिसऱ्या बाकावरून एक आंटी उठल्या. "माझी हरकत आसा, फादर! ह्या चेडवान नाताळात माका सांगलेला, आंटी, मी नर्स होतलंय! आता भूगोल खंयसून इलो?"

मागून एक काका उभे राहिले. त्यांची पुतण्याबद्दल हरकत. मग आणखी एक. फादर हातात कागद धरून उभे, लग्नाची जोडपी बाजूलाच राहिली, आणि चर्चमध्ये विषय निवडीची सभा!

मी तिथे नव्हते. सोमवारी सिस्टरनी मला हे सगळं त्यांच्या शुद्ध मराठीत सांगितलं, तेव्हा आधी हसून माझ्या पोटात दुखलं. मग कळलं, त्या हरकतींत माझे दोन भूगोल गेले. तेराचे अकरा!

घरी मासे साफ करताना ते आठवून मी पुन्हा एकटीच हसत होते. माझी मुलगी तन्वी, यंदाच दहावी झालेली, दारात येऊन विचारते, "काय झालं गो आई? माका सांग ना." मी म्हटलं, "तुझं बायोलॉजी वाचून झालं का? जा आधी."

*

शेवटून दुसऱ्या दिवशी एक आई मुलाला घेऊन आली आणि तिने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. पडद्यावर तिचा नवरा. मोठ्या जहाजावर कामाला आहे. मागे नुसतं पाणी, रेंज ये-जा करतेय.

"टीचर, झिलाक सायन्स द्या!"

मी म्हटलं, देऊ. सहज विचारलं, "सध्या कुठे आहात तुम्ही?"

"पाण्यात!"

"ते दिसतंय हो. कुठल्या समुद्रात?"

माणूस विचारात पडला. मागे वळून पाण्याकडे बघितलं. मग म्हणाला, "तां माका काय म्हायत? तां कॅप्टनाक म्हायत!"

अठरा वर्षं हा माणूस जगभर फिरतोय! मी कपाळावर हात मारला.

"म्हणानच सांगतंय," तो ओरडला, "झिलाक कॅप्टन करूचो आसा. माझ्यासारख्या होता नये. काय घेवचा, तां तुमीच सांगा."

खरं ते सांगावं लागलं, की फिजिक्स आणि मॅथ्स पाहिजेच. पण सायन्सवाल्यांना आमच्याकडे बायोलॉजीच्या जागी भूगोल घेता येतो, तेही सांगितलं. मुलगा लगेच हो म्हणाला, फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'बाबा कुठे आहेत ते आईला सांगता यावं म्हणून.'

आईने ते वाचलं आणि पदर तोंडाला लावला. मीही उगाचच शिक्का शोधत बसले. ते झाले सतरा.

*

आता शेवटचा दिवस. सकाळी दोन फॉर्म आले. एकोणीस! मग बारा वाजले, दोन वाजले, चार वाजले, कुणी फिरकेना. टेबल पाचला बंद. मी दरवाजाकडे बघून बघून मान अवघडून घेतली. शिपाई येऊन विचारून गेला, टीचर, हस्तकलेच्या कपाटाची चावी आत्ता देऊ की उद्या? मला रडूच यायचं बाकी होतं.

साडेचारला सिस्टरनी आत बोलावलं. मी मनाची तयारी करून गेले.

"टीचर, वीस झाले."

मी सिस्टरना मिठीच मारली! बावीस वर्षांत पहिल्यांदा. "कोणाचा फॉर्म? माझ्या टेबलावर तर कोणी आलंच नाही!"

"तुमच्या टेबलावर येऊ शकत नव्हता. शिक्षकांच्या मुलांचे फॉर्म थेट माझ्याकडे येतात."

त्यांनी फॉर्म पुढे केला. तन्वी. माझी तन्वी! सायन्स. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. त्याखाली मी स्वतःच्या हाताने लिहिलेलं बायोलॉजी पट्टी लावून खोडलेलं, आणि वर सुवाच्य अक्षरात भूगोल. शेजारी सही आमच्या ह्यांची! जो माणूस दोन दिवस माझ्यासमोर बसून निमूट जेवत होता!

बायोलॉजी नाही म्हणजे डॉक्टरकी गेली. आणि डॉक्टरकीचं मी सगळ्या नातेवाइकांना सांगून बसलेली!

"सिस्टर, हा फॉर्म चालणार नाही," मी म्हटलं. "तिला डॉक्टर व्हायचंय."

"असं ती म्हणाली?"

ती असं कधी म्हणाली होती, ते आठवेना.

"हा परत घ्यायचा असेल तर पाचपर्यंत वेळ आहे," सिस्टर म्हणाल्या. "मग एकोणीस. पण आधी रकाना वाचा."

वाचला. तीन ओळी होत्या.

'आई वर्गात खूप गोष्टी सांगते आणि मुलांबरोबर हसते, असं बारावीच्या सगळ्या मुली सांगतात. घरी ती मला फक्त अभ्यास झाला का विचारते. मला दोन वर्षं तिच्या वर्गात बसायचं आहे.'