शिंक्यावरचं मडकं

भाद्रपदातली दुपार होती. शहाद्याच्या शाळेत मी सातवीला इतिहास शिकवत होतो आणि वर्गाच्या दारात माझा चुलतभाऊ पंढरी येऊन उभा राहिला. सायकल हाणत आलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. "नाना, चाल घर," एवढंच म्हणाला. "आबा कसा शे?" मी विचारलं. "तू चाल पहिले..." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. आदल्या रविवारी मी आबाला, माझ्या बापाला, भेटून आलो होतो. तापानं अंग पोळत होतं, तरी उठून बसला आणि विचारलं काय, तर तापीला पाणी किती चढलं. मी म्हणालो, घाटाच्या पायऱ्या बुडाल्यात. तर केवढा खूश झाला! "मंग यंदा रेती चांगली पडी," म्हणाला. तेच शेवटचं.

सारंगखेड्याच्या वरच्या अंगाला, तापीकाठी आमचं गाव. काठावरची काळी जमीन कापूस-केळीवाल्यांची. आमची त्यात वीतभरही नाही. पूर ओसरला, थंडी पडली की नदीचं पात्र उघडं पडे आणि आबा रेतीत टरबुजांची वाडी लावी. ओल लागेपर्यंत चर खणायचे, तळाशी खत घालायचं, बी टोचायचं, वारा लागू नये म्हणून तुराट्यांचा आडोसा करायचा. वैशाखापर्यंत वेल पसरत आणि पावसाळा आला की नदी सगळं पुसून नेई. पुढच्या साली रेती दुसरीकडेच पडलेली असे. लहानपणी मला त्याचा फार राग येई. आबाला कधी आला नाही. "रेती नदीनी शे, तिले जठे वाटी तठे ठेवी," तो म्हणे. "मन्हं काय शे? मन्हं फक्त बी शे."

ते बी त्याच्या बापाकडून आलेलं. पातळ सालीचं, आत गडद लाल, कापलं की गारवा नाकाला लागे. उन्हाळ्यात पात्रातून गाड्या पार होत, वाटसरू खोपीच्या सावलीला थांबत. आबा हातातल्या फळावर टिचकी मारी, कान लावी, आणि वाडीतलं सगळ्यात गोड फळ नेमकं त्या अनोळखी माणसापुढे कापी. पैसे घेत नसे. अट एकच. "खा पोटभर, पन बी आठेच थुकानं!" आणि पितळी ताटली पुढे सरकवी. एकदा शहाद्याचा एक जाडजूड व्यापारी म्हणाला, "अरे, एखादं पोटमा गयं तं?" आबा म्हणाला, "मंग शेटजी, सकायलोंग तुमी आठेच मुक्काम करा!" सगळी खोप हसली. व्यापारीसुद्धा.

ते बी राखेत चोळून वाळवायचं, मडक्यात भरायचं, तोंड शेणामातीनं लिंपायचं आणि चुलीवरच्या शिंक्याला टांगायचं. धूर लागला की कीड धरत नाही. चूल दाराशीच आणि शिंकं खाली लोंबलेलं, म्हणून स्वयंपाकघरात शिरताना आम्ही सगळेच तिथं मान वाकवत असू. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, हे मी कुणापुढेही ताठ मानेनं सांगतो. निकाल लागला त्या दिवशी असाच ताठ मानेनं मायला सांगायला आत शिरलो आणि कपाळ मडक्यावर आपटलं. आबा आधी धावला तो मडक्याकडे! ते शाबूत आहे असं पाहून मग माझ्याकडे वळला. "नाना, बी. ए. व्हयना तरी आठे वाकनंच पडस," म्हणाला आणि स्वतःच्या हातानं कपाळाला हळद लावली.

दहन झालं. माय कोपऱ्यात पदर ओढून बसली, ती बसलीच. मी मनाशी एक ठरवलं होतं, कुणाला बोललो नव्हतो. यंदा दिवाळीच्या सुट्टीत आणि मग दर रविवारी, वाडी मी लावणार. आबासाठी करता येण्याजोगं तेवढंच उरलं होतं.

सुतक फिटलं त्या दिवशी नदीवरून डोकं भादरून परत आलो. घर सारवून लख्ख होतं. वर पाहिलं... शिंकं मोकळं. आबाची थोरली बहीण, नवापूरकडे दिलेली आमची आत्या, ओट्यावर हात पुसत होती. "आत्या, शिंकावरलं मडकं कोठे शे?" "समदी मातीनी भांडी नदीमा सोडी दिधी, बाप्पा," ती म्हणाली. "सुतकनं भांडं घरमा कोन ठेवस? मन्हा भाऊनं काही उनं ऱ्हावाले नको." रडून तिचे डोळे सुजले होते. रीत तिनं चोख पाळली होती. तिला काय सांगू? कोपऱ्यातून मायचा एक हुंदका तेवढा ऐकू आला. बाहेर तापी दोन्ही काठ भरून वाहत होती.

तरी मला धीर होता. आबा दर साली मागेल त्याला मूठभर बी देई. काठाकाठानं कितीतरी वाड्या त्याच्या बियाच्या. मी घरोघर फिरलो. शेवटी आबाचा जोडीदार भिकाकाका. त्यानं मला ओट्यावर बसवलं. मग म्हणाला, "नाना, आमी कसाले ठेवूत? दर साल तुन्हा बाप दारवर ई सन दी जाये. तो शे तं बी शे, असंच वाटे..." प्रत्येक दारात हेच उत्तर. बाजारचं बी आहे म्हणाले, हवं तेवढं घेऊन जा. इतक्या सढळ हातानं दिलं त्यानं, की जपून ठेवायचं कुणाला सुचलंच नाही. वाचणाऱ्यांना वाटेल, मूठभर बियांचं एवढं काय? ज्याच्यामागे ना जमीन, ना पैसा, ना फोटो, त्याचं तेवढंच होतं. ते मिळेल अशी आशा आता मला उरलेली नाही. मी वेडी समजूत घालून घेणारा माणूस नाही.

आता पूर ओसरलाय. रेती, आबा म्हणाला होता तशी, खरंच चांगली पडलीय. रुंद, स्वच्छ, पांढरी. मी काठावरून पाहून परत येतो. शिंकं मायनं काढू दिलं नाही. परवा तिनं जेवायला हाक मारली. स्वयंपाकघरात शिरताना त्या जागी मी मान वाकवली. पाठोपाठ पाण्याचा तांब्या घेऊन माय आली, तीही वाकली. वर शिंक्यात काहीच नव्हतं.