चाकं वळलीच नाहीत

पत्र्याच्या कामात महिपत पांचाळाचा हात धरणारा रत्नागिरीत कुणी नव्हता, हे त्याच्याशी न पटणारेही कबूल करत. चेपलेल्या दरवाज्यावरून तो आधी डोळे मिटून तळवा फिरवायचा, पत्रा कुठे किती आत गेलाय ते चाचपायचा आणि मगच हातोडी उचलायचा. पण ही मागची गोष्ट झाली. दोन हजार तीन साल उजाडेपर्यंत गाड्यांचे बंपर प्लास्टिकचे झाले होते आणि दरवाजा चेपला की लोक नवाच बसवून घेत. बासष्टाव्या वर्षी महिपतच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात रिक्षा आणि मच्छीचे टेम्पो तेवढे यायचे. उजवा खांदा वर जात नव्हता. चाळीस वर्षं ठोकाठोक ऐकून डावा कान बसला होता. सकाळी शटर वर करताना त्याला रोज वाटायचं, आज नकोच.

अशात डिसेंबरमध्ये राजिवड्याहून हाजराभाभींचा निरोप आला. त्यांचे यजमान अयूब सोलकर जूनमध्ये गेले होते. वैधव्याची इद्दत संपून परक्या माणसांशी बोलणं सुरू झाल्यावर भाभींनी महिपतला बोलावून घेतलं. गाडी एकदा बघून जा, एवढंच कळवलं होतं.

गाडी म्हणजे अयूबभाईंची मस्टँग. कुवेतच्या बंदरात क्रेन चालवून चौदा वर्षांनी ते परतले, तेव्हा लोकांनी टेप आणले, घड्याळं आणली, अयूबभाईंनी बोटीतून गाडी आणली. सत्तर सालची, अमेरिकन, दोन दरवाज्यांची, मोरपिशी रंगाची. लांबलचक बॉनेट आणि आत आठ सिलिंडरांचं इंजिन. भाट्याच्या पुलावर गाडी चढली की राजिवड्यात चहाचे कप थरथरतात, असं पोरं सांगायची. पुढच्या जाळीवर धावता घोडा होता, म्हणून सगळे तिला घोडागाडीच म्हणत. मोहल्ल्यातला एकही नवरदेव तिच्यात बसल्याशिवाय निकाहाला गेला नाही.

तिचं स्टेअरिंग डाव्या बाजूला. आपल्या रस्त्यावर पुढच्या ट्रकला मागे टाकायचं तर चालवणाऱ्याला समोरचं काही दिसायचं नाही. त्यासाठी उजवीकडे यासीन बसायचा, हाजराभाभींचा धाकटा भाऊ. बोटीवर इंजिनात काम करणारा, सुट्टीवर आला की मेहुण्याला चिकटलेला. तो मान बाहेर काढून बघायचा आणि म्हणायचा, "मार, भाईजान." मग अयूबभाई मारायचे.

चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात हातखंब्याच्या उतारावर ती गाडी वळण सोडून सरळ गेली. जांभ्याचा कठडा फोडून खालच्या पऱ्याच्या पाण्यात पडली. अयूबभाईंच्या बरगड्या मोडल्या, त्या जुळल्या. यासीनचा उजवा हात कोपरापासून चेचला, तो कामातून गेला. बोटीची नोकरी सुटली. तेव्हापासून यासीन लोकांना सांगत राहिला की, "एका हाताने चालवत होता. ऐट दाखवायला." आणि अयूबभाई म्हणत राहिले, "मी स्टेअरिंग फिरवलं. चाकं वळलीच नाहीत." त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. हाजराभाभींनीही नाही. यासीन पुढच्याच गल्लीत राहायचा, पण अयूबभाई जाईपर्यंत त्या दोघांनी एकमेकांचा उंबरा ओलांडला नाही.

क्रेनने काढून आणलेली गाडी घरामागच्या पडवीत ताडपत्रीखाली पडून होती. महिपतने या गाडीचं काम वर्षानुवर्षं केलेलं. अपघातानंतर तो बघायला येईल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो गेला नाही. आधी काम होतं, मग पाऊस होता, मग जाण्याचा विषयच राहिला नाही.

पडवीत ताडपत्री ओढली तसा गंजाचा भुगा खाली सांडला. खाडीचा खारा वारा नऊ वर्षं आत शिरत होता. उजवी बाजू पुढच्या चाकापासून दरवाज्यापर्यंत आत गेलेली, टप बसलेला, काच नाही. सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं. मोरपिशी रंग फक्त डिकीच्या झाकणावर उरला होता.

हाजराभाभी दारात उभ्या राहिल्या. "नाझियाचं म्हणणं आहे की दुरुस्त करून घ्या," त्या म्हणाल्या. नाझिया त्यांची मुलगी, शारजाला दिलेली. "अब्बांची आठवण आहे म्हणते. मला विचाराल तर मला हा डबा डोळ्यांसमोर नको आहे. पण पोर फोनवर रडते. तुम्ही बघा आणि काय ते खरं सांगा. होण्यासारखी असेल तर करू, नसेल तर भंगारात. तुम्ही सांगाल ते मी तिला सांगेन."

"दोन-तीन दिवस लागतील, भाभी. वरून बघून नाही कळायचं."

"नऊ वर्षं पडली आहे. आणखी दोन दिवसांनी काय होतं?"

पहिल्या दिवशी महिपतने नुसतं टोचून पाहिलं. स्क्रूड्रायव्हर घेऊन तो गाडीभोवती बसत-उठत फिरला. जिथे टोचावं तिथे आरपार. तळाचा पत्रा पापडासारखा. दरवाज्याखालची पट्टी हाताने दाबली तर हातात आली. इंजिन पाणी शिरून जाम झालेलं. दुपारपर्यंत त्याला उत्तर कळलं होतं. ही गाडी करायची तर पत्रा नवा, चासी नवी, इंजिन मुंबईच्या चोरबाजारात शोधायचं, आणि एवढं करून जुनं काय राहणार? डिकीचं झाकण.

तरी तो सांगायला गेला नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचा महिपत ही गाडी कामाला घेतल्याशिवाय राहिला नसता, हे त्याला ठाऊक होतं. एवढं मोठं काम पुन्हा कधी येणार नव्हतं. सहा महिने, कदाचित वर्ष, रोज सकाळी शटर उघडायला एक कारण मिळालं असतं. संध्याकाळी जेवताना तो बायकोला, गोदाला, म्हणालासुद्धा, "करायला गेलं तर होईल."

"कोण करनार?" गोदाने विचारलं. "सदरा घालताना हात वर जात नाय तुमचा."

खरं ते खरं.

दुसऱ्या दिवशी जॅक लावून, लाकडाचे ठोकळे देऊन त्याने गाडीचं नाक वर घेतलं आणि खाली गोणपाट अंथरून आत सरकला. स्टेअरिंगची पेटी चासीच्या ज्या दांड्याला बोल्टने बसवलेली असते, तिथे ती नव्हतीच. दांड्यापासून सुटून सळीला लोंबत होती. आपटल्यावर सुटली असेल, असं त्याला आधी वाटलं. मग हातातली बॅटरी पेटवून जवळ नेली.

दांड्यावर एक ठिगळ होतं, तळहाताएवढं. एका कडेला धरून बाकी उचकटलेलं. त्याच्या तीन कडांचं वेल्डिंग जसंच्या तसं ठिगळालाच चिकटून आलं होतं, दांड्याचा कणही सोबत न घेता. वेल्डिंग आत गेलंच नव्हतं, वरच्या वर बसलं होतं. ठिगळाच्या पोटाशी जुना गंज तसाच होता, आणि त्या गंजावर काळं ग्रीस साचून दगडासारखं वाळलेलं. एका क्षणात तुटलेल्या जागी असं ग्रीस जात नाही. ती फट आधीपासून उघडत होती, महिने न् महिने. अपघात झाला तेव्हा पेटी शेवटच्या दोन कडांवर तगून होती आणि हातखंब्याच्या उतारावर त्यांतली एक सुटली.

ठिगळ त्याचंच होतं. ते ओळखायला बॅटरीही लागत नव्हती. आपल्या हाताचं काम माणूस अंधारात ओळखतो.

त्याला सगळं आठवलं. चौऱ्याण्णवचा मे महिना, बकरी ईदेचा आदला दिवस. अयूबभाई गाडी घेऊन आले, दांड्याला चीर गेली होती. ईदेला गाडी हवीच होती. गंज घासून पत्रा पांढरा करायला दोन तास लागले असते, आणि वीज सारखी ये-जा करत होती. त्याने वरवर घासलं, ठिगळ टाकलं, वेल्डिंग मारलं, वरून काळा रंग. "ईद झाली की परत आणा. नीट करून देतो," असं तो म्हणाला होता. अयूबभाई ते विसरले. महिपत विसरला नव्हता. गाडी दोन-चारदा समोरून गेली, तेव्हा दर वेळी त्याला आठवलं होतं, आणि दर वेळी हातात दुसरं काम होतं.

आणि नऊ वर्षं आपण इथे का फिरकलो नाही, हेही त्याला तिथे गोणपाटावर पडल्या पडल्या कळलं.

तो बराच वेळ बाहेर आला नाही. हाजराभाभींनी आतून हाक मारली, "मिस्त्री, बरे आहात ना? चहा ठेवलाय."

"आलो," तो म्हणाला आणि तसाच पडून राहिला.

गाडी दुरुस्त करायची म्हटली तर तो दांडा कापून टाकावा लागणार होता, आणि कापणारा तोच. मोडीत काढायची म्हटली तर भंगारवाला तोडून नेणार. दोन्हीकडून ते ठिगळ नाहीसं होणार होतं. त्याने फक्त एक शब्द बोलायचा होता, हो किंवा नाही, आणि कुठलाही बोलला तरी चालणार होतं. त्या रात्री त्याला झोप लागली, याचंच त्याला सकाळी आश्चर्य वाटलं. शरीर एवढं थकलं होतं की मनाला कुणी विचारलंच नाही.

तिसऱ्या दिवशी तो हत्यारं न घेता गेला. पडवीच्या पायरीवर बसला. भाभी दाराच्या आत खुर्चीवर.

"गाडी होणार नाही, भाभी. केली तरी ती अयूबभाईंची राहणार नाही. नाझियाला सांगा, मी नाही म्हटलं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "सुटले."

"अजून एक आहे." त्याने हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. "अयूबभाई खरं बोलत होते. त्यांनी स्टेअरिंग फिरवलं होतं. चाकं वळली नाहीत. स्टेअरिंगची पेटी सुटली, कारण तिथलं वेल्डिंग कच्चं होतं. ते मी केलेलं."

मग त्याने ईदेचा दिवस सांगितला, गंज सांगितला, ग्रीस सांगितलं. काही गाळलं नाही आणि स्वतःच्या बाजूचंही काही घातलं नाही. विजेचं तोंडावर आलं होतं, ते त्याने गिळलं.

हाजराभाभी म्हणाल्या, "शेवटच्या आजारात पण ते तेच बोलत होते. मी म्हटलं, आता तरी खोटं नका बोलू." त्यांनी ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. रडल्या मात्र नाहीत.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "गाडी भंगारात घाला म्हणून निघून गेला असतात तर मला कधी कळलं असतं?"

"नसतं कळलं."

"मग सांगितलंत का?"

महिपतने गुडघ्यावरची टोपी उचलली. "दमलो, भाभी," तो म्हणाला. "हे घेऊन घरी जायची ताकद नव्हती."

त्या उठल्या. "यासीनला मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं."

यासीन घराच्या ओट्यावर डाव्या हाताने जाळं विणत बसला होता. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. महिपतला वाटलं, हा आता उठून मारेल, आणि मारलं असतं तर बरंच वाटलं असतं. यासीन फक्त म्हणाला, "दाखवा."

नऊ वर्षांत पहिल्यांदा तो बहिणीच्या पडवीत आला. महिपतने बॅटरी धरली, यासीन त्याच गोणपाटावरून आत सरकला. इंजिनात उमर घातलेला माणूस, त्याला समजवायची गरज नव्हती. उताणा पडूनच तो म्हणाला, "सोल्डरसुद्धा यापेक्षा घट्ट बसतं, मिस्त्री."

"होय."

बाहेर येऊन तो गाडीच्या उजव्या बाजूला उभा राहिला, आपल्या बाजूला. तिथला दरवाजा उघडत नव्हता. "मी मय्यतीलाही आलो नाही," तो म्हणाला. हे कुणाला उद्देशून होतं ते कळलं नाही. हाजराभाभी बाहेर आल्या, त्यांनी भावाचा मोडका हात दोन्ही हातांत धरला आणि त्याला घरात घेऊन गेल्या. महिपतकडे कुणी पाहिलं नाही. तो बॅटरी विझवून निघाला.

गाडी त्यानेच तोडली. भंगारवाल्याच्या माणसांनी घण घालावेत हे त्याला बघवेना. गॅसकटर घेऊन तो आठ दिवस राजिवड्यात जात राहिला. थोडा वेळ कापायचा, थोडा वेळ बसायचा. भाभी चहा पाठवत, स्वतः येत नसत. यासीन एकदा येऊन दांड्याचा ठिगळासकट तुकडा मागून घेऊन गेला. कशाला ते त्याने सांगितलं नाही. पुढच्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर तो कबरस्तानात बराच वेळ बसला होता, असं नंतर कानावर आलं.

हाजराभाभींनी मोहल्ल्यात घरोघर सांगितलं की अयूबची चूक नव्हती. चूक कुणाची, तेही सांगितलं. त्यांनी ते का लपवावं? मच्छीचे टेम्पो हळूहळू दुसरीकडे जायला लागले. तोंडावर कुणी बोलायचं नाही, फक्त टेम्पो यायचे नाहीत. काही रिक्षावाले मात्र येत राहिले. त्यांतला एक म्हणाला, "तुम्ही आता दोनदा घासाल, मिस्त्री. म्हणून येतो." महिपत खरोखरच दोनदा घासायचा. त्यामुळे काम कमी व्हायचं आणि खांदा जास्त दुखायचा.

दोन हजार पाचच्या पावसाळ्याआधी त्याने शटर कायमचं खाली ओढलं. हत्यारं हरिश्चंद्र नावाच्या राजापूरच्या डेंटरने नेली. देताना महिपतने प्रत्येक हातोडी उचलून बघितली आणि ठेवून दिली. घरी येऊन गोदाला म्हणाला, "झाला."

"जेवताव ना?" तिने विचारलं.

"नको. आधी जरा पडतो," तो म्हणाला आणि ओटीवर कुशीवर वळून झोपी गेला.