बिरू मागं का गेला

दुसऱ्या महायुद्धात इटलीत माझं पोस्टिंग डीआर म्हणून होतं. डीआर म्हणजे डिस्पॅच रायडर. वायरलेस बंद पडला, टेलिफोनची तार तुटली, की मोटरसायकलवरून निरोप पोचवणारा गडी. बटालियन हेडक्वार्टरला आम्ही दोघे होतो. मी कराडकडचा, नदीकाठच्या उसातला. दुसरा बिरू, म्हसवडजवळच्या वाडीचा धनगर. मेंढरांमागं चालणाऱ्याला इंजिनातलं काय कळणार, असं मला वाटायचं. पहिल्याच आठवड्यात त्यानं चिखलाच्या उतारावरून गाडी अशी खाली आणली की आमचा गोरा सार्जंट तोंडात बोट घालून बघत राहिला आणि म्हणाला, हा माणूस नव्हे, बोकड आहे. मी बिरूला त्याचा अर्थ सांगितला.

"बोकड म्हनला न्हवं? मग बरं म्हनला की," बिरू हसला.

रोज सकाळी मेंटेनन्स परेड. प्लग, चेन, ऑइल, ब्रेक, टायर. एकानं तपासायचं, दुसऱ्यानं पुन्हा बघायचं. आम्ही एकमेकांच्या गाड्यांत खोट काढायचो आणि त्यातच आमची दोस्ती झाली.

ज्या सकाळी तो गेला, त्या सकाळी आमची चार्ली कंपनी टेकडी चढत होती. बिरू त्यांच्याबरोबर पुढे होता. मी मागे, तोफखान्याच्या सिग्नल तंबूत. आमच्याच तोफांचे गोळे निशाण्याच्या अलीकडं पडू लागले आणि कंपनीवरच कोसळू लागले. वायरलेस सेट फुटला, तार तुटली. कंपनी कमांडरनं दोन ओळींचा निरोप लिहून बिरूच्या हातात दिला. रेंज वाढवा, आम्ही मरतोय. बिरू त्या गोळ्यांतूनच मागे आला. तंबूपाशी गाडी थांबवली, कागद माझ्या हातात दिला आणि टाकीवर डोकं टेकलं. पाठीत तुकडे घुसले होते. मी ओरडलो, ऑफिसर धावला, तोफा थांबल्या. बिरूनं मात्र डोकं पुन्हा उचललं नाही.

लढाई संपली. घरी आलो आणि पहिल्यांदा म्हसवडच्या बाजूला गेलो, बिरूच्या आईला भेटायला. तिथं वेगळंच ऐकलं. त्याच वाडीचा जोती चार्ली कंपनीत शिपाई होता. रजेवर आला तेव्हा त्यानं सांगितलं होतं, "समदे पुढं जात हुते, बिरू तेवढा गाडीवर बसून मागं पळाला." जखम पाठीला होती हेही कळलं होतं. मग काय, लोकांनी ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही, सरळच बोलले. बिरूच्या म्हाताऱ्या आईनं देवळात यायचं सोडलं होतं.

मी चार जणांना खरं सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "तू त्याचा दोस्त. तू चांगलंच सांगनार की, बाबा."

"आनि गाडीवर बसून कुनी लढतंय व्हय?" दुसरा म्हणाला.

त्यांचाही दोष नाही. त्या वाडीत मोटरसायकल कुणी पाहिली नव्हती. त्यांना ती टांग्यासारखी आरामाची बैठक वाटत होती. बिरूची आई मला वेशीपर्यंत सोडायला आली. तिनं रडंबिडं काही काढलं नाही.

"शिदनाथाच्या यात्रंला समदी वाडी येती. जोतीबी तवर फौजेतनं सुटून येतोय. तवा ती गाडी घिऊन ये. तोंडानं नगं सांगूस. दाव."

मी हो म्हणालो. माझ्याकडं गाडी नव्हती, हे तिला सांगितलं नाही.

गाडी मिळाली सांगलीत. एका गूळ व्यापाऱ्यानं लढाईच्या आधी लांबच्या प्रवासासाठी हौसेनं घेतलेली, पाचशे सीसीची विलायती. रुंद सीट, मोठी टाकी, टाकीच्या बाजूला हातानं टाकायचा गिअर. पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि ती गुळाच्या वखारीत भिंतीला टेकून राहिली ती राहिलीच. मी पाहिली तेव्हा तिच्यावर गुळाच्या पाकाचा थर होता. टूलबॉक्स उघडला तर मुंगळ्यांचा अख्खा कबिला बाहेर आला. सायलेन्सरमध्येही त्यांची वसाहत. पण मॅग्नेटोला ठिणगी होती! मी प्लग काढून सिलिंडरवर टेकवला, किक मारली आणि निळी ठिणगी दिसली, तेव्हा त्या वखारीत मी उडीच मारली. व्यापारी म्हणाला, "न्या हो, माझी जागा तरी मोकळी होईल."

बैलगाडीतून ती घरी आली. आमचे थोरले बंधू, तात्या, स्वतः बैलगाडी घेऊन आले होते. तात्यांचं आयुष्य बैलांत गेलेलं. त्यांनी मोटरसायकलभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हिला वैरन काय?"

गोठ्यातली एक दावण मोकळी केली आणि तिथं माझं वर्कशॉप सुरू झालं. गरम पाण्यानं गूळ धुतला. कार्बुरेटरचं जेट फुंकून मोकळं केलं. चेन रॉकेलमध्ये भिजवली. क्लचच्या प्लेटा घासल्या. पुढच्या टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा लावला. कराडच्या सायकलवाल्याकडून ब्रेकची केबल वळवून आणली. फौजेत स्टोअरला चिठ्ठी दिली की पार्ट मिळायचा. इथं स्टोअर म्हणजे माझं डोकं. पण सांगतो, तेवढा आनंद मला पेन्शनच्या कागदानंही दिला नाही. रोज एक काहीतरी मेलेलं जिवंत होत होतं. आज दिवा, उद्या हॉर्न. हॉर्न वाजला तेव्हा म्हैस दावं तोडून पळाली आणि वहिनींनी मला लाटणं दाखवलं.

यात्रेला दोन दिवस राहिले. गाडी तयार होती. सकाळी मी पेट्रोलसाठी कराडला गेलो, दुपारी परतलो, टाकी भरली आणि किक मारली. दुसऱ्या किकला इंजिन उठलं. मी आनंदानं ओरडलो. पण लगेच पांढरा धूर आणि वास! एरंडेलाचा. सगळं अंगण बाळंतिणीच्या खोलीसारखं दरवळलं. आतून ठकठक ऐकू आली. मी झटकन इंजिन बंद केलं, ऑइलच्या टाकीचं झाकण काढलं. आत काळाकुट्ट रबडा.

"ह्यात कुनी काय घातलं?"

तात्या अभिमानानं पुढं आले. "म्या. तू गेल्यावर बघितलं, टाकी अर्धीबी न्हवती. आपल्या गाडीच्या आसाला घालतो त्येच वंगान. एरंडेल नि पेंढ्याची राख, घरचं हाय. लय लांब जायचंय न्हवं तुला?"

मी खालीच बसलो. इंजिनाच्या तेलात एरंडेल मिसळत नाही, त्याचा चिकट गोळा होतो. वर राख. ती तेलाच्या नळीत बसली तर पिस्टन कोरडा चालून जागीच चिकटणार. माझ्या डोळ्यांपुढं बिरूची आई आली. तात्यांना ओरडावंसं वाटलं, खरंच वाटलं. पण त्यांच्या हातावर अजून ते वंगण होतं, आणि बैलांच्या आसाला ते किती जिवापाड घालतात ते मला माहीत होतं.

"तात्या, इंजिन समदं उघडाय पायजे."

"परवा जायचंय की रं!"

"म्हनूनच म्हनतो, बसा खाली."

घोंगडी अंथरली. फौजेत किट इन्स्पेक्शनला सामान मांडतात तसं मी काढत गेलो आणि तात्या क्रमानं मांडत गेले. सिलिंडर उचलला. पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटल्या होत्या. त्या ओढल्या तर तुटतात आणि तुटल्या तर सांगलीतही मिळाल्या नसत्या. रॉकेल सोडत, नखानं, इंच इंच मोकळ्या केल्या. तात्या श्वास रोखून बघत होते. राहिली तेलाची नळी. वाकडीतिकडी, राखेनं गच्च. तार घातली तर वळणावर अडायची. तात्या उठले, बैलाच्या शेपटीचे लांब केस तोडून आणले, मांडीवर पीळ देऊन दोरी केली. ती वळणातून सुळसुळत पार गेली आणि मागून काळा चिखल घेऊन बाहेर आली.

"निघाली रं!" तात्या पोरासारखे नाचले.

वहिनी दारातून म्हणाल्या, "आवं, घातलं बी तुमीच नि काढलं बी तुमीच. नाचताय कशापायी?"

दुसऱ्या दिवशी जोडणी, नवं ऑइल. इंजिन उठलं, ठकठक नाही. मी कान लावून ऐकत राहिलो. असा आवाज मी फक्त बिरूच्या गाडीचा ऐकला होता.

यात्रेच्या दिवशी उजाडताच निघालो. कराड, पुसेसावळी, वडूज, दहिवडी. उसाचा पट्टा संपला, माळ सुरू झाला. चढावर दुसरा गिअर, सपाटीला तिसरा. वारा तोंडावर. बैलगाड्यांतले यात्रेकरू हात करायचे, मी हॉर्न द्यायचो. गाणं येत नाही मला, तरी गात होतो.

दुपारी माणगंगेच्या कोरड्या पात्रापाशी वाडीची माणसं जमली होती. बिरूची आई पुढं होती, तिनं मागं उभा असलेला जोती मला दाखवला. मी गाडी बंद केली आणि त्याच्याकडं गेलो.

"चार्ली कंपनी?"

"व्हय. तुमी?"

"डीआर. बिरूबरूबर."

त्याचा चेहरा बदलला. "म्या डोळ्यानं बघितलं तेवढंच सांगितलं. त्यो मागंच चालला हुता."

"बरोबर बघितलंस. मागंच आला. बस माझ्या मागं."

नाही म्हणणं त्याला जमेना. तो बसला. मी पात्रातल्या दगडधोंड्यांतून, वाळूतून, बिरू जायचा तशी गाडी सोडली. जोतीनं माझी कंबर इतकी आवळली की श्वास कोंडला. पलीकडचा काठ चढलो, वळलो, परत आलो. तो उतरला.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "जोती, त्या दिवशी तुमच्यावर गोळे पडत हुते. ते थांबले कवा?"

"बिरू गेल्यावर... थोड्या येळानं."

"ते गोळे आपल्याच तोफांचे हुते. थांबवा म्हनून सांगाय त्यो मागं आला. ह्या अशा दगडांतनं, वरनं गोळे पडताना, पाठीत तुकडे घिऊन. कागद माझ्या हातात दिला. मग गेला."

जोती गुडघ्यांवर बसला आणि बिरूच्या आईच्या पायावर डोकं ठेवलं. "आये, आमी पन्नास-साठ गडी माघारी आलो. समदे तुझ्या बिरूमुळं आलो गं. आनि म्या त्याला पळपुटा म्हनलो."

पहिल्या भेटीतला तो म्हातारा पुढं आला. कमरेच्या पिशवीतला भंडारा त्यानं मुठीनं घेतला, आधी आईच्या कपाळाला लावला, मग उधळला. सगळ्या वाडीनं उधळला. "बिरूच्या नावानं चांगभलं!" मला त्या पिवळ्या धुरळ्यात काही दिसेना, आणि दिसेना ते फक्त भंडाऱ्यामुळं नव्हतं.

बिरूच्या आईनं जोतीला उठवलं. ती गाडीपाशी आली. सीटवर, टाकीवर हात फिरवला. जन्मभर तट्टावर बसून मेंढरांमागं फिरलेली बाई. पदर खोचला आणि सरळ माझ्या मागं बसली.

"देवळाकडं घे."

मी क्लच हळूच सोडला. पहिल्या गिअरमध्येच, जपून चाललो. म्हातारं माणूस मागं होतं.

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, बिरूला जिथं लागलं होतं तिथंच.

"माझा बिरू असा जायचा व्हय रं? मग तसा ने."

मी गिअर टाकला आणि थ्रॉटल पुरता उघडला.