सही नाही केली

"खुर्चीवर नको बसू. तिकडे उभा राहा, पंख्याखाली."

बेलापूरला एजन्सीच्या ऑफिसात साहेबांनी मला हे सांगितलं. साहेब म्हणजे रिटायर्ड कॅप्टन. जहाजावर त्यांनीच मला पाठवलेलं. विमानतळावर त्यांच्या माणसाने पासपोर्ट काढून घेतला, म्हणून घरी न जाता सरळ ऑफिसात आलो होतो. अकरा महिन्यांत गोड्या पाण्याची धड अंघोळ नव्हती.

"दिवाळे कोळीवाड्याचा ना तू? मग वासाचं काय नवीन."

बाजूच्या टेबलावरची मुलगी हसली. मला राग आला नाही. काहीच आलं नाही. पंख्याखाली उभा राहिलो.

मी खलाशी. आखातातल्या एका बंदराबाहेर आमचं जहाज नांगरलं आणि मालकाने फोन उचलणं बंद केलं. झेंडा अशा देशाचा, जो आमच्यात कोणी पाहिला नव्हता. मालक दुसऱ्या देशाचा, माल तिसऱ्याचा. ज्याला विचारावं तो म्हणायचा, त्यांना विचारा. बंदरवाले उतरू देईनात. व्हिसा नाही. समोर इमारती दिसायच्या. जग एक झालंय म्हणतात. मालासाठी झालं असेल.

शेवटी वकिलातीतून आपला एक अधिकारी आला. त्याच्या यादीत आम्ही सहा जण. सातवा रफिक. इंजिनात काम करायचा, चितगावचा, बांगलादेशी. मला ताप होता तेव्हा त्याने आपल्या वाटचं पाणी मला पाजलेलं.

"हा आपला नाही," अधिकारी म्हणाला.

खरंच होतं ते. त्याच्या देशाचं कोणी येईल म्हणे. आम्ही बोटीत उतरलो. आम्हाला नीट उतरता यावं म्हणून रफिक शिडी धरून उभा होता. मी वर बघितलं नाही.

इथे ऑफिसात साहेबांनी कागद सरकवला. त्यावर लिहिलेलं, जेवणपाणी वेळेवर मिळालं, कोणाविरुद्ध तक्रार नाही. सही केली की पासपोर्ट.

"देशाने आणलं ना तुला? मग देशाची बदनामी करायची नाही. कर सही."

पेन घेतलं. नावाची दोन अक्षरं लिहिली. मग विचारलं, "रफिकचं काय?"

"कोण?"

"इंजिनातला."

"तो आपला नाही. तू तुझं बघ."

साहेब तर आपलेच होते. आपल्याच भाषेत बोलत होते. मला तिथे पाठवणारे तेच, माझा पासपोर्ट दाबून बसलेलेही तेच. आणि परका कोण, तर पाणी पाजणारा.

दोन अक्षरं खोडली.

"सही नाही करणार."

"मग पुन्हा जहाज विसर."

"विसरलो."

घरी आई मासळी साफ करत होती. तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "त्याची आय हाय का?"

"हाय."

पासपोर्ट साहेबांचा नाही. देशाने मला दिलाय, देशाकडेच मागीन. सरकारी कचेरीत द्यायचा जबाब लिहून काढलाय. जहाजावर अडकलेल्यांत पहिलं नाव रफिकचं. तिथेही कोणी म्हणेल, हा आपला नाही. म्हणू दे. ते नाव मी खोडणार नाही.