बांधावरचं रोप

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला सुमनकाकूंचं स्वतःचं छोटं मातीचं धरण आहे आणि गाव त्याचंच पाणी पितं. काल संध्याकाळी काकू धरणाच्या बांधावरून कडुलिंबाचं कोवळं रोप उपटत होत्या. मुळं बांधात शिरली की पाणी त्यांच्या वाटेनं झिरपतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मी म्हटलं, “एवढं एक राहू द्या.”

“एक एक म्हणतच बांध जातो,” काकू म्हणाल्या.

पाणी निवांत होतं. वाटलं, असला निवांतपणा रोज कुणाला तरी राखावा लागतो, आणि ते काम दिसायला निष्ठुर असतं.

काकूंनी रोप मुळांसकट ओल्या फडक्यात गुंडाळलं. खाली त्यांचं घर कडुलिंबांच्या गर्द सावलीत होतं. इतकी वर्षं त्या सावलीत बसून मी चहा घेतलाय. ती झाडं कुठून आली, ते काल कळलं.