नकाशाच्या कोपऱ्यातली सही

माळा आवरताना एका जुन्या नकाशाची गुंडाळी सापडली. निळ्या रेघांना छपाईच्या अमोनियाचा पुसट वास अजून होता, आणि त्या वासासरशी मी चंदीगडच्या कॉलेजातल्या प्रवेशाच्या खिडकीसमोर जाऊन उभी राहिले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. बाबांच्या बदलीमुळे आम्ही तिथे होतो. मी बी. ई. होऊन दोन वर्षं बांधकाम खात्यात काढली होती, कारण एम. ई.ला तेवढा अनुभव लागायचा. कारकुनाने माझा दाखला परत सरकवला.

"बीबीजी, इसमें सिर्फ नौकरी लिखा है. डिझाइन का तजुर्बा चाहिए."

अर्जाचा शेवटचा दिवस, आणि नवा दाखला देणारे आमचे साहेब रजेवर. सोबत आलेले बाबा हळूच म्हणाले, "राहू दे, पुढच्या वर्षी बघू."

मी रागाने मान फिरवली, तर भिंतीवर याच नकाशाची दुसरी प्रत. कॉलेजच्या नव्या पाण्याच्या टाकीचा नकाशा. मी त्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. डिझाइन करणाऱ्याच्या रकान्यात माझी सही होती.

कारकुनाने चष्मा लावून ती अर्जावरच्या सहीशी ताडून पाहिली, मग खिडकीबाहेरच्या टाकीकडे बघितलं.

"पानी तो अच्छा आता है जी," म्हणत त्याने शिक्का मारला.

तेव्हा वाटलं, नशिबाने वाचले. आज वाटतं, कसलं नशीब, टाकी मीच उभी केली होती. पुढची दोन वर्षं तिथलं पाणी मी जरा मिरवतच प्यायले.