आईच्या चेहऱ्यावरची सावली

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. खगोलशास्त्रही अजून अर्धंमुर्धंच कळतं, तरी लिहायला बसलोय. क्षमा असावी.

दूरच्या ताऱ्याभोवतीचा ग्रह सहसा दिसत नाही. तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा उजेड किंचित मंदावतो. पुन्हा पुन्हा तसाच मंदावला, तर तिथे कुणीतरी फिरतंय असं समजायचं. प्रयोगशाळेत ते मंदावणं शोधायचं काम माझ्याकडे आहे. सर म्हणतात, तुझी नजर चांगली आहे.

संध्याकाळी आई व्हिडिओ कॉल करते. दिव्यासमोर बसलेल्या तिच्या चेहऱ्यावरून हल्ली मधूनच एक सावली सरकायची.

“कोण आहे गं तिथं?”

“कोण असणार? मांजर.”

“एवढी उंच मांजर?”

आई हसली, मीही हसलो आणि माझ्या ताऱ्यांकडे वळलो. खरं तर मला उत्तर नकोच होतं. ते मिळालं असतं, तर हातातलं काम ठेवून घरी जावं लागलं असतं.

काल वडिलांचा फोन आला. “तुझी ताई सासर कायमचं सोडून आलीय. दिवाळीपासून इथंच आहे. तिनंच सांगू नका म्हटलं, तुझा अभ्यास बुडेल म्हणून.”